कापसात निजलेलं खमीर

डोणगाव, ता. मेहकर
१२ जानेवारी १९६४

चि. सौ. सोजर हिस,
डोणगावहून सुभद्राबाईचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू माहेरी गेल्यापासून तुझी चिठ्ठी आली नाही आणि मीही धाडली नाही, तेव्हा सासू-सुनेची फिटंफाट झाली. आता संक्रांत आली म्हणून मीच आधी हात पुढे करते. पाकिटात तिळगूळ घातला आहे. पोष्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला असेल तर भुगा खा आणि गोड बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, आईशी तरी बोल. परवा मेहकरच्या यष्टी स्टँडावर वडनेरची एक बाई भेटली. ती म्हणाली की सोजर दिवसभर दाराशी बसते आणि विचारलं तेवढंच बोलते. मी तिला म्हटलं की बाई, तुले दुसरी कोणी दिसली असंन, आमची सोजर तर चुलीशीबी बोलत बसते.

गहू ओंबीवर आला आहे. डाव्या बैलाचा खांदा आला होता, तो बरा झाला. मला दिवाळीनंतर हिवताप येऊन गेला, आता चवही परत आली आहे.

आता कामाचं. आपलं जिलेबीचं खमीर गेलं. माझ्या सासूच्या हातापासून ते मडकं आपल्या घरात होतं, रोज मूठभर कणीक खायचं आणि बाजाराच्या दिवशी आपल्यातलं अर्धं देऊन टाकायचं. पण तुझ्या नवऱ्यानं, कडूबानं, दिवाळीपासून जिलेबीची कढई पालथी घातली आहे. मी तापात पडले, मडक्याला कोणी खायला घातलं नाही, आणि उठून बघते तर आत काळी बुरशी. दरसाल सुकवून ठेवते ते काढायला गेले, तर त्या डब्यालाही पावसाळ्यात ओल लागून किडे झालेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले बघ. एरवी रडायची कारणं याहून मोठी होती, पण रडू मडक्यापाशी आलं.

तू नवी नवरी असताना पहिल्यांदा माहेरी निघालीस, तेव्हा मी तुझ्या पदराच्या गाठीत सुक्या खमिराचे तुकडे बांधले होते. आपल्या घरची ती रीतच आहे. तू तेव्हा आईला विचारलं असशील की सासरच्यांनी मले पापडाचे तुकडे काऊन दिले. ते कुठं आहेत? आहेत का? दही घालून दोन दिवसांत नवं खमीर करता येतं, ते मलाही येतं. पण त्याची जिलेबी पहिल्या घासाला आंबट आणि दुसऱ्याला फिकी लागते. डोणगावच्या बाजाराला ती चालायची नाही, आणि मलाही नाही.

तुझ्या वडिलांचा निरोप आला होता. पंजाबराव म्हणतात की होळी होऊन जाऊ द्या, मग चार माणसं बसवून पोरीचा काय तो निकाल लावू, नांदायचं नसेल तर काडीमोड करू. पोर म्हणजे काय शेताचा बांध आहे निकाल लावायला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण व्याही पडले म्हणून गिळलं. होळीला अजून अवकाश आहे. तोवर खमीर तरी जागं कर. कडूबाला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

पाच ओळींचं का होईना, उत्तर धाड. तेवढी माया माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी सासू,
सुभद्रा


वडनेर भोलजी
१६ जानेवारी १९६४

ती. आत्याबाईंच्या चरणी,
सोजरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. तिळगुळाचा भुगाच झाला होता, आईनं आणि मी चिमटीचिमटीनं खाल्ला. तुम्हाला हिवताप आला होता हे कोणी कळवलं नाही. अशक्तपणा असेल तर सकाळी थंडीत आडावर जाऊ नका.

ते तुकडे सापडले. पेटीच्या तळाशी, लग्नातल्या पातळाच्या घडीत होते. आईनं त्यांना डिंक समजून बाळंतपणाच्या लाडवांसाठी काढून ठेवलं होतं, ते लाडू करायची वेळ आली नाही म्हणून वाचले. वाळून पिवळे झाले आहेत आणि त्यांना कशाचाच वास येत नाही. मला तर ते मेलेलेच दिसतात.

तुम्ही सांगाल तर रजिस्टर टपालानं धाडून देते. मला जागं करायला सांगू नका. माझ्या हातून काही जगत नाही, आत्याबाई. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

कढई पालथी घातल्याचं वाचलं. ती एका दिवसासाठी, जेव्हा पालथी राहायला हवी होती तेव्हा राहिली असती, तर मी आज तिथं असते. याच्यापुढं लिहिलं तर पत्र फाडावं लागेल, म्हणून थांबते.

बाबांचं मन मला ठाऊक आहे. माझं मला ठाऊक नाही. घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं. चुकलं तर पोटात घालावं.

आपली,
सोजर


डोणगाव
१९ जानेवारी १९६४

चि. सौ. सोजर हिस अ. उ. आशीर्वाद.

काही धाडू नकोस. रस्त्यात कोणी औषध समजून खाईल. आणि माझ्या हातून काही जगत नाही असं पुन्हा लिहिलंस तर मी स्वतः वडनेरला येऊन कान धरीन, मग पंजाबराव काय म्हणतील ते म्हणोत. परसातला शेवगा कोणी लावला? मी तर म्हणत होते की त्या खडकात काही येत नाही. आता त्याच्या शेंगा अर्धी गल्ली खाते.

तेव्हा ऐक. जुनं, पाणी पिऊन मुरलेलं मडकं घे. नवं नको, नवं मडकं सगळं पाणी स्वतःच पितं. तुकडे हातानं चुरून त्यात टाक आणि वर कोमट पाणी घाल. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गारही लागू नये आणि ऊनही लागू नये. रातभर तसंच राहू दे. सकाळी पाणी दुधासारखं झालं म्हणजे वस्त्रगाळ कणीक मूठभर घालून हातानंच फेट. पळी नको, हात पाहिजे. तोंडाला ओलं फडकं बांध आणि उबेला ठेव. दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं काढ आणि तितकीच ताजी कणीक घाल. अर्धं काढताना जिवावर येईल, पण नाही काढलं तर बाकीच्याला पोटभर मिळत नाही. काढलेलं टाकायचं नाही, त्याची धिरडी होतात.

पहिले एक-दोन दिवस काहीच दिसणार नाही. म्हणून मेलं असं ठरवून मोकळी होऊ नकोस. निजलेलं आणि मेलेलं यातला फरक डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतो. आंबूस वास आला की समजायचं त्यानं कूस बदलली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सासूनं हे काम दिलं होतं, आणि मी रोज मडक्याला नाक लावून बसायची. आमचे हे म्हणायचे की माझ्यापेक्षा मडक्याजवळ जास्त बसते. हेवा वाटायचा त्यांना, कबूल करत नसत.

पत्रात जे अर्धं लिहून थांबलीस ते पुरं लिही. फाडायचं असेल तर मी फाडीन.

माझ्यावरचा राग असला तर राहू दे, बोलणं मात्र तोडू नकोस.

सुभद्रा


वडनेर भोलजी
२८ जानेवारी १९६४

ती. आत्याबाईंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

खमीर उठलं. आधी हेच लिहायचं होतं, म्हणून लिहून टाकलं.

आता झालं ते सांगते. थंडीत उबेची जागा कुठं शोधावी कळेना. चुलीपाशी मांजर निजते, ती मडकं लवंडील. शेवटी कापसाची खोली सुचली. शेवटच्या वेच्याचा कापूस अजून खामगावला जायचा आहे, खोलीभर छातीइतका ढीग आहे. मी त्यात कोपरापर्यंत हात घालून खळगा केला आणि मडकं आत ठेवलं. वरून कापूस सारखा केला. फडक्याचं तोंड तेवढं बाहेर.

दोन दिवस दुपारी मी तिथंच बसून होते, कापसाला टेकून. झरोक्यातून ऊन यायचं आणि कापसाची बारीक तूस त्यात तरंगत राहायची. बाहेरचा आवाज आत पोचतच नाही. गल्लीत बायका भांडत असल्या तरी पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येतं. पाऊस गेल्यापासून मला दुपारची झोप नव्हती, ती तिथं लागली. स्वप्नात डोणगावचा बाजार सगळा पांढरा होता. गाड्या पांढऱ्या, बैल पांढरे, माणसं हातवारे करून भाव करत होती आणि कोणाचाच आवाज होत नव्हता. मी सगळ्यांच्या मधून अनवाणी चालले होते आणि पायांना काही टोचत नव्हतं. जाग आली तर कानाजवळ टप् असं वाजलं. मला वाटलं झुरळ असेल. पुन्हा वाजलं. फडकं उचललं, तर पिठावर एक बुडबुडा फुटून त्याचं भोक राहिलं होतं, आणि वास आला. आत्याबाई, तुमच्या स्वयंपाकघराचाच वास. मी तशीच बसून राहिले, आईला हाक मारायचंही सुचलं नाही.

मग आली एकादशी. आमच्या बाबांची माळ तुम्हाला ठाऊक आहे. या घरात एकादशीला धान्याचा कण कोणाच्या पोटात जात नाही, गड्यालासुद्धा घरी जाऊन जेवावं लागतं. मी सकाळी कणीक घेऊन निघाले तर बाबा आडवे आले. म्हणाले की आज कोनाचं खानं हाय ते? मी म्हटलं खमिराचं. तर म्हणाले की माणसाले उपास हाय, मांजराले उपास हाय, मंग त्या मडक्यालेच काऊन नाही? जिवंत हाय म्हन्ते ना तू, मंग जिवंताले एकादशी लागते. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मला खमीर उपाशी ठेववेना, म्हणून मी फराळाच्या भगरीचं पीठ दळलं आणि तेच त्याला घातलं. बाबांनी स्वतः उभं राहून पाहिलं, आणि चिमूटभर सैंधव घाल म्हणाले. तेवढं मी ऐकलं नाही.

भगर काही खमिराला मानवली नाही. संध्याकाळपर्यंत वर पाणी सुटलं, बुडबुडे बंद, मुकाट पडून राहिलं. मी बाबांशी बोलले नाही. द्वादशीला उजाडताच पारणं म्हणून दोन मुठी कणीक घातली, रागानं जास्तच घातली. आम्ही जेवून उठलो तोवर मडक्याचं फडकं वर उचललं गेलं होतं आणि खमीर काठावरून उतरून कापसात शिरलं होतं. टोपलीभर कापूस चिकट झाला. बाबा तो गोळा हातात धरून उभे, आणि मला वाटलं आता मडकं उकिरड्यावर जातं. पण त्यांनी गोळ्याचा वास घेतला आणि एवढंच म्हणाले की भूक लागली होती बिचाऱ्याले. आता रोज सकाळी मला विचारतात, उठलं का तुझं? धिरडीही मागून खातात. मात्र होळीचं बोलणं आहे तिथंच आहे.

तुम्ही पुरं लिही म्हणालात. लिहिते.

माझी पोर दिवस भरायच्या आधी आली, मला इकडं आणायच्याही आधी. बारसंसुद्धा होऊ दिलं नाही तिनं. तुम्ही माझ्याजवळ होता, तुम्ही केलं ते आईनंही केलं नसतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सुतक फिटलं आणि लगेच बाजाराचा दिवस होता. मी आत पडलेली. माझं दूध आटलं नव्हतं, तुम्ही कोबीची पानं बांधत होता. तेवढ्यात शेजारची रुखमाबाई दारातून सांगून गेली की कडूबाची कढई चढली, आज गर्दी भरपूर हाय. आत्याबाई, माणूस त्या दिवशी जिलेबी कशी घालू शकतो? लेकीला मातीत ठेवून आलेले हात लोकांना गोड कसं वाढतात? ते घरी आले तेव्हा त्यांच्या अंगाला तुपाचा वास होता. त्या वासानं मला ओकारी झाली. तेव्हापासून मी त्यांच्याकडं पाहिलेलं नाही. तिच्यासाठी मी एकटीच रडले असं मला वाटतं, आणि ज्या घरात एकटीनं रडायचं तिथं राहून काय करू?

लिहिलं. आता फाडा.

मायेची ओढ आहे तशी राहू द्यावी.

आपली,
सोजर


डोणगाव
१ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. सोजर हिस अ. उ. आशीर्वाद.

फाडलं नाही. उशाखाली आहे.

आधी हसून घेते. खमिराला एकादशी घडवणारं घर मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझी सासू असती तर तिनं पंजाबरावांना दंडवत घातला असता की चार शब्द सुनावले असते, मला ठरवता येत नाही. बरं, सैंधव नाही घातलंस, नाहीतर त्याला पुन्हा सुकवावं लागलं असतं. मी एवढी हसले की कडूबा गोठ्यातून आत आला. त्याला वाटलं मला पुन्हा ताप चढला. मग मी त्याला पत्राचं पहिलं पान वाचून दाखवलं. दुसरं दाखवलं नाही. तो हसला नाही, पण रोजच्यासारखा ओट्यावर निघूनही गेला नाही. चुलीपाशी बसला आणि म्हणाला की भगरीवर जीव धरला म्हन्जे खमीर जोरदार हाय. थोड्या वेळानं म्हणाला, मामंजीचा कापूस लय खराब झाला का? मी म्हटलं तूच जाऊन विचार.

आता दुसऱ्या पानाचं. तू विचारतेस की माणूस त्या दिवशी जिलेबी कशी घालू शकतो. मला ठाऊक नाही, सोजर. मी त्या दिवशी तुझ्या खाटेपाशी होते, बाजारात मी गेले नाही. आई आहे म्हणून लेकाच्या बाजूनं काहीतरी रचून लिहिता येईल, पण तू ओळखशील आणि मला ते शोभणारही नाही.

मला ठाऊक आहे ते एवढंच सांगते. कडूबाच्या आधी माझी दोन गेली. म्हणून तर याचं नाव असं ठेवलं, की कडू म्हटलं म्हणजे कोणाची नजर जायची नाही. सगळा गाव जिलेबीवाल्याच्या या नावाला हसतो, हसू दे. पहिलं गेलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी आमचे हे वखर घेऊन शेतात गेले. मी दारातून पाहत होते. त्यांनी बैलांना हाक मारली ती रोजच्यासारखीच. मला वाटलं, या माणसाला काळीज आहे की नाही? पण मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती. पुढे संसार झाला, जेवायला वाढलं, थट्टा केली, भांडलो, कडूबा वाढवला. पण तो सवाल माझ्या पोटात होता तसाच राहिला. प्रत्येक वेळी ते वखर घेऊन निघाले की मला तीच सकाळ दिसायची. मग तेही गेले. कदाचित त्यांच्याजवळ काही उत्तर होतं. कदाचित शेतात जाऊन ते काय करत होते ते बैलांनाच माहीत. आता मी कोणाला विचारू?

म्हणून तू विचार. मी कडूबाला खमीर आणायला धाडते आहे. तो बोलका नाही, तुला उशीर लागेल, पण सोडू नकोस. उत्तर आलं आणि ते वाईट असलं, तर तू माहेरीच राहा. होळीला कोणी बसायची गरज नाही, मी स्वतः पंजाबरावांना लिहीन की पोरीला धाडू नका. तुझ्यासाठी मी एवढं करीन. पण न विचारता जन्म काढू नकोस. ते मी करून पाहिलं आहे.

खमिराला रोज वेळेवर घाल. त्याला आणि तुला, दोघांनाही माझा आशीर्वाद.

सुभद्रा


डोणगाव
८ फेब्रुवारी १९६४
(पोस्टकार्ड)

सौ. सोजर हिस अनेक आशीर्वाद.

बुधवारी खमीर न्यायला येतो. शेजारचे गुलाबराव सोबत आहेत, त्यांना खामगावला सरकी घेणे आहे. मडकं गाडीत हिंदकळेल, फडकं दुहेरी बांधून ठेवावं. मामंजी व मामीस नमस्कार. थंडी फार आहे. अंगावर पांघरत जाणे.

कडूबा


वडनेर भोलजी
१३ फेब्रुवारी १९६४

ती. आत्याबाईंच्या चरणी सोजरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र पोचेल तोवर आम्हीच पोचलेलो असू. तरी लिहिते, कारण हे तुमच्यासमोर बसून मला तोंडानं सांगता येणार नाही, आणि यांना तर नाहीच. पत्र हातात पडलं की एकट्या असताना वाचा.

काल दुपारी दोघं आले. चहा झाला. बाबा समोर बसले होते, पण यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. गुलाबराव बिचारे एकटेच सरकीचा भाव आणि गव्हावरचा तांबेरा यावर बोलत राहिले. मी कापसाच्या खोलीतून मडकं आणून यांच्यापुढं ठेवलं. यांनी फडकं सोडलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, चांगलं हाय. मग डोळे मिटून पुन्हा एकदा लावलं. किती वाळले आहेत हे, तुम्ही लिहिलं नव्हतं.

मला एकांत हवा होता, पण तो मिळेपर्यंत माझा धीर सुटला असता. म्हणून सगळ्यांसमोरच विचारलं, की त्या बाजारी तुम्ही कढई कशी चढवली. आईच्या हातातली कपबशी तशीच राहिली. यांनी मडक्याचं फडकं पुन्हा बांधलं. मग म्हणाले की मले याद नाही. घरून निघालो तेवढं याद हाय, दिवाबत्तीले घरी आलो ते याद हाय, मधलं काही याद नाही. मी म्हटलं, एवढा बाजार केला आणि आठवत नाही? तर पुन्हा तेच, मले याद नाही.

बाबा म्हणाले की हे काय उत्तर झालं, लेकरू गेलं आन् याले याद नाही. ते उठायलाच लागले होते. माझं मलाही वाटलं, संपलं. तुम्ही लिहिलं होतं ना, उत्तर वाईट आलं तर राहा म्हणून. मी मनातल्या मनात माहेरी राहिले सुद्धा.

तेव्हा गुलाबराव बोलले. म्हणाले की पंजाबराव, बसा, हे मी सांगतो, याले ठाऊक नाही. मग सांगायला लागले, तेही कोणाकडं न पाहता. त्या दिवशी हे बाजारात आले ते झोपेत चालल्यासारखे आले. आपल्या जागी बसले, भट्टी पेटवली, घोळ भिजवला, जिलेब्या तळायला लागल्या. शेजारी पाकाचा पितळी गंज रोजच्या जागी ठेवलेला होता. पण त्यात पाक नव्हता. साखर घातली नव्हती, पाणी नव्हतं, गंज कोरडा होता. हे तळलेली जिलेबी त्या कोरड्या गंजात सोडायचे, झाऱ्यानं दाबायचे, उलटायचे, मुरेपर्यंत थांबायचे, आणि काढून माणसांना द्यायचे. पहिल्यांदा गुलाबरावांनीच घेतली. तोंडात घातली तर नुसतं तळलेलं पीठ. ते म्हणाले की मी तोंड उघडणारच होतो, पण कडूबाकडं पाहिलं आन् गिळून टाकलं. मागच्या माणसाले म्हटलं, घे. त्यानंही घेतली. सबन बाजार आला, आत्याबाई. रुखमाबाईनं सांगितलेली गर्दी ती हीच. कोणाला जिलेबी नको होती तेही येऊन उभे राहिले. घोळ संपेपर्यंत सगळ्यांनी कोरडी जिलेबी घेतली आणि तिथंच यांच्यासमोर उभं राहून खाल्ली. पाक कुठं आहे असं एकानंही विचारलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत डोणगावात हे कोणी कोणाशी बोललं नाही.

हे ऐकून यांनी मान वर केली. गुलाबरावांना विचारलं, पाक नव्हता? ते म्हणाले, नव्हता. मग म्हणाले की मंग लोकाईनं घेतली काऊन? गुलाबराव म्हणाले की आता काय सांगू तुले, घेतली. बस.

यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी इतके महिने ज्या जिलेबीवर रागावले होते, ती अशी होती. बाबा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलांना खाजवत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आईला म्हणाले की तानु, पोरीची ओटी भराची तयारी कर. आई तर रडतच होती. होळीचं आता कोणी काढत नाही.

मग मी यांना कापसाच्या खोलीत नेलं. बोलवलं नाही, मी चालले आणि हे मागून आले. ढिगाला टेकून दोघं बसलो. ऊन झरोक्यातून खाली उतरत गेलं. आपल्या घरात तिचं नावच कोणी काढत नव्हतं, आणि तिला तर नावही नव्हतं. मी म्हटलं, तिला जावळ दाट होतं. यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, बोटं तुमच्यासारखी लांब होती. तेव्हा हे रडायला लागले. तुम्ही त्यांना लहानपणी रडताना पाहिलं असेल, मी पहिल्यांदाच पाहिलं. मी त्यांचं डोकं धरलं. आम्ही दोघं रडलो, आत्याबाई, मी एकटी नाही.

आम्ही उद्या पहिल्या यष्टीनं निघतो. मडकं मी मांडीवर घेणार आहे, यांच्या हातात देणार नाही. बाबांनी वाटेत लागेल म्हणून कणकेची पुरचुंडी बांधून दिली आहे, आणि उद्या एकादशी नाही हे पंचांगात दोनदा पाहिलं आहे. तुम्ही आडावर जाऊ नका, मी आल्यावर पाणी भरीन.

एक सांगायचं राहिलं. मी त्या खोलीत म्हटलं की तिच्या कानामागं तीळ होता. तो माझ्याशिवाय कोणी पाहिलाच नसेल असं मला इतके दिवस वाटत होतं. हे म्हणाले, डाव्या कानामागं.

तुमच्या पायांशी जागा असू द्यावी, ती घ्यायला येते आहे.

तुमची,
सोजर